दाखल्याचा वाढदिवस

ज्वारीचा डबा गिरणीच्या कट्ट्यावर टेकवते न टेकवते तोच बाळासो आतून ओरडले, “वैनी, आजच्याच दिवशी तुमचा नवरा घोड्यावरनं पडलाता!”

गिरण चालू असली की बाळासोंना स्वतःचाच आवाज ऐकू येत नाही, म्हणून ते ओरडतात. आणि शिवाजी पेठेत एकानं ओरडलं की निम्म्या पेठेचं काम भागतं. दळणाला आलेल्या बाया तोंडाला पदर लावून खिदळायला लागल्या. मी दारातल्या फळ्याकडं बघितलं, तर तिथंही खडूनं ठळक लिहिलेलं. त्या दिवशी माझं लग्न झालं, मी शालू नेसले होते, बॅन्ड खास इचलकरंजीहून आणला होता, यातलं एक अक्षर नाही. ‘परण्याच्या वरातीत घोडं उधळलं. नवरदेव केळीच्या गाड्यावर पडले. केळी गेली, नवरदेव वाचले.’ दरसाल माझ्या लग्नाच्या वाढदिवसाला हा माणूस हे असं लिहितो, आणि मी दरसाल चिडून सांगते की उद्यापासनं दुसऱ्या गिरणीत जाणार. दुसऱ्या दिवशी परत तिथंच डबा घेऊन उभी! काय करता, त्या पिठाची भाकरी अशी टम्म फुगते की बोलायची सोय नाही.

एकदा आमचे हे स्वतः तक्रार घेऊन गेले. म्हणाले, “बाळासो, मी पडलो न्हवतो. मी उतरलो हुतो.”

बाळासोंनी गिरण बंद केली. इतिहासाचा विषय निघाला की ते गिरण बंद करतात, मग दळण कुणाचंही असू दे. “उतरलाता? साक्षीदार कोन?”

“माझा शब्द हाय की!”

“नवरदेवाचा शब्द धरत न्हाय. पडल्याचं दोन साक्षीदार हायती. केळीवाला एक, सनईवाला एक. तुम्ही उतरल्याचं दोन आणा, आत्ता फळा पुसतो.”

ह्यांनी आशेनं माझ्याकडं बघितलं. मी म्हटलं, माझ्याकडं नका बघू, मी खिडकीतनं सगळं बघितलंय. त्या दिवशी घरी माझ्याशी कोणी बोललं नाही.

तर हे आमचे बाळासो. पाळण्यातलं नाव बाळासाहेब, पण आमच्याकडं साहेब फार दिवस टिकत नाही, झिजून सो होतो. उंच, वाकलेले, भुवया पांढऱ्याफेक. वयानं पांढऱ्या की पिठानं, ते त्यांच्या लेकीलाही सांगता येणार नाही. ती लेक पेठ वडगावला नांदते, बायको जाऊन बरीच वर्षं झाली. घरात बाळासो आणि रेडिओ. पहाटे उठून अंगण झाडायच्या आधी फळा पुसायचा, नवा लिहायचा, मग चहा.

फळ्याच्या मधोमध आडवी रेघ. रेघेच्या वर ‘राज्य’, रेघेखाली ‘पेठ’. आजच्याच दिवशी राज्यात काय घडलं आणि आजच्याच दिवशी पेठेत काय घडलं. राज्याचं ते पेपरातनं, रेडिओवरनं घेतात. पेठेचं मात्र सगळं दळणाला येणाऱ्यांकडनं, आणि प्रत्येक गोष्टीला दोन साक्षीदार पाहिजेत म्हणजे पाहिजेत. अक्षराचं माप दोन्हीकडं एकच. मे महिन्याच्या एक तारखेला वर लिहिलेलं असतं, ‘महाराष्ट्र राज्याची स्थापना झाली.’ खाली, ‘सुतारांची म्हैस तालमीच्या हौदात पडली. काढायला अख्खी तालीम लागली.’

एका गुरुजींना हे सहन झालं नाही. म्हणाले, “अहो, राज्याच्या स्थापनेला आणि म्हशीला एकाच मापाचं अक्षर? काही तारतम्य?”

“गुरुजी,” बाळासो म्हणाले, “राज्य झालं ते मुंबईत. त्येचं लिवणारं रग्गड हायती. म्हस पडली ती हितं. तिचं कोन लिवणार, तुम्ही?”

गुरुजी बाजरी घेऊन गेले.

फुटबॉलचा मोसम आला की मात्र फळ्याला ताप. आमच्याकडं माणूस एकवेळ देव बदलेल, पण फुटबॉलचा संघ बदलणार नाही. एका सालच्या मॅचमध्ये गोल झाला की नाही यावरनं गिरणीसमोर गर्दी जमली. झाला म्हणणारे शंभर, नाही म्हणणारे शंभर, आणि मधे माझा गव्हाचा डबा. बाळासोंनी दोन्ही बाजू ऐकून घेतल्या आणि फळ्यावर लिहिलं, ‘पेठ : आजच्याच दिवशी गोल झाला असं एक बाजू म्हणते. दुसरी बाजू आईची शपथ घेऊन नाही म्हणते. चेंडूला विचारता आलं नाही.’ दोन्ही बाजूंनी मिळून त्यांना शिव्या घातल्या, आणि त्या सालात दोन्ही बाजू एकत्र आल्याची तेवढीच एक घटना.

पण आमच्या पेठेतला खरा सण म्हणजे एक जून. दिवाळी कोपऱ्यात बसेल! कारण आमच्यातल्या पिकल्या पानांचा, म्हणजे निम्म्या पेठेचा, वाढदिवस त्याच दिवशी. तुमच्याकडंही असतीलच की अशी माणसं. पूर्वी पोराला शाळेत घालायला आईबाप जूनमध्ये घेऊन जायचे. मास्तर विचारायचे, जन्म कधीचा? आई सांगायची, आंबं उतरत हुतं तवा. बाप सांगायचा, न्हाय न्हाय, भात मळत हुतो. मग मास्तर पोराला डोक्यावरनं हात घालून पलीकडचा कान धरायला लावायचे. कानाला हात लागला की पोरगं शाळेत बसलं, आणि दाखल्यावर जन्मतारीख एक जून. एका वर्गात सगळे एक जूनचे. जुळी, तिळी काय, आख्खा वर्गच एका आईच्या पोटचा म्हणायचा.

त्या दिवशी फळ्यावर वर असतं, ‘राज्य : आजच्याच दिवशी पहिली एसटी पुण्याहून अहमदनगरला धावली.’ खाली, ‘पेठ : आज पुढील मंडळींचा दाखल्याचा वाढदिवस.’ आणि मग खडू संपेपर्यंत नावं. बाळासो कुणाला वाढदिवसाच्या शुभेच्छा देत नाहीत. हात जोडून म्हणतात, “दाखल्याच्या शुभेच्छा.” केक आणला तर खातात, पण खाताना सांगतात की हा केक कायदेशीर हाय, खरा न्हाय.

त्या नावांत बाळासोंचं स्वतःचं नाव कधी नसतं. दाखल्यावर त्यांचाही एक जूनच, हे पेठेला माहीत आहे.

यंदा घोटाळा केला राजू पैलवाननं. राजू म्हणजे आमच्या तालमीचा अध्यक्ष. मान एवढी रुंद की शर्टाचं वरचं बटण कधी लागलेलं कुणी बघितलं नाही, आणि मन लोण्याचं. दाखल्याप्रमाणं बाळासोंना यंदा पंच्याहत्तरावं सरणार हे त्याच्या ध्यानात आलं आणि तो पेटलाच. हलगी सांगितली, फेटे सांगितले, आणि कुणाला न विचारता आठ दिवस आधीच गिरणीच्या बरोब्बर समोर फ्लेक्स उभा केला. फ्लेक्सवर बाळासो, डोळ्याला काळा चष्मा. त्यांनी उभ्या जन्मात तसला चष्मा घातलेला नाही, तो राजूनं संगणकावर घालून घेतला होता. खाली भलीथोरली अक्षरं, ‘पेठेचा चालताबोलता इतिहास! अमृतमहोत्सव! एक जून!’

सकाळी मी दार उघडलं तर समोरच बाळासो स्टुलावर चढलेले. हातात पिठाची खळ, काखेत रद्दी. एक जूनवर कागद चिकटवत होते.

“अहो, पडाल की!” मी ओरडले.

“पडलो तर लिवा, वैनी. दोन साक्षीदार हायती, तुम्ही आनि त्यो चष्मेवाला.”

तेवढ्यात राजू धावत आला. “काय करताय ओ बाळासो! दाखल्यावर हाय की तारीख!”

“दाखल्यावर मास्तरनं घातलीया. मास्तर काय माझ्या आईच्या उशाला बसलंता? खोटी घटना माझ्या दारात चालायची न्हाय. हलगीवाल्यास्नी सांग नगं म्हणून.”

“मग खरी तारीख सांगा! त्या दिवशी वाजवू!”

बाळासो स्टुलावरच थांबले. हातातली खळ टपटप गळत होती. “म्हाईत असती,” ते म्हणाले, “तर लिवली नसती व्हय रं?”

राजू दंड चोळत उभा राहिला.

त्याच दुपारी दळण आणायला गेले तर लाईट गेलेली. गिरण गप्प, म्हणून बाळासोही माणसासारखे हळू बोलत होते. मी सरळच विचारलं, एवढं काय मनाला लावून घ्यायचं? दाखल्याचा तर दाखल्याचा. पेढा खायचा आणि मोकळं व्हायचं.

तेव्हा सांगितलं त्यांनी. जन्म मलकापूरच्या पलीकडच्या एका वाडीतला. रांगत होते तेव्हा आई गेली. वडलांनी दुसरं लग्न केलं, मामानं पोराला उचलून कोल्हापुरात आणलं, आणि दोन्ही घरांचं जे बिनसलं ते बिनसलंच. मामा त्या वाडीचं नावसुद्धा काढू द्यायचा नाही. आणि मामी चिडली की एकच बोलायची, तू जल्मलास तवा बघाय एक माणूस आलं न्हाय, असला पांढऱ्या पायाचा.

“एक माणूस न्हाय, वैनी,” बाळासो म्हणाले. “म्हस पडली तर अख्खी तालीम आलती की.”

आणि हसले. मला नाही हसू आलं. मला त्या मामीच्या झिंज्या उपटाव्याशा वाटल्या, पण ती केव्हाच वर गेलेली. मी म्हटलं, तुमच्या त्या वाडीत कुणीतरी जितं असेल की. जाऊन विचारा. ते म्हणाले, विचारायचंच भ्या वाटतंय. मामीचंच खरं निघालं तर?

मी तशीच उठले आणि राजूला गाठलं. राजूची सासुरवाडी मलकापूर. संध्याकाळपर्यंत चार फोन झाले आणि पत्ता लागला. बाळासोंच्या वडलांची धाकटी बहीण, म्हणजे सख्खी आत्ती, मलकापुरात लेकाकडं राहते. कान शाबूत, जीभ त्याहून शाबूत, असा सासुरवाडीचा निरोप होता.

दुसऱ्या दिवशी सकाळी बाळासोंना राजूच्या गाडीत बसवायला दोघं लागले. धुवट धोतर, टोपी, भुवया धुऊन काढलेल्या. त्या काळ्या आहेत हे मला त्या दिवशी कळलं. वाटेत बांबवड्यात चहाला थांबलो तर म्हणाले, झालं की आता, चला माघारी, उद्याचा फळा ऱ्हायलाय. राजूनं त्यांच्या हातात वडापाव दिला आणि गाडीचं दार लावून घेतलं.

आत्तींचं घर एसटी स्टॅण्डच्या मागंच निघालं. बाई दारात बसून पाटीतली करवंदं निवडत होत्या. बोटं जांभळी, नऊवारीचा काष्टा घट्ट, तोंडात दात नाही. राजू वाकून म्हणाला, “आत्ती, ह्ये कोल्हापूरचं बाळासो. तुमच्या थोरल्या भावाचा पोरगा.”

आत्तींनी कपाळावर हात धरून बाळासोंना वरपासनं खालपर्यंत न्याहाळलं. मला वाटलं, आता रडतील, गळ्यात पडतील. मी पदर हातात घेऊन तयारच होते.

“आरं मुडद्या!” आत्ती कडाडल्या. “तूच न्हवं त्यो? तुझ्यापायी माझी यष्टी बघायची ऱ्हायली!”

आम्ही तिघंही दचकलो. राजू तर एक पाऊल मागं सरला.

“कसली यष्टी, आत्ती?” बाळासोंनी विचारलं.

“पैली यष्टी! आमच्या फाट्यावर आलती. आख्खं गाव नटूनथटून बघाय गेलतं. बायका आरती घेऊन, पोरं झाडावर. सुईण तर तुझी नाळ कापली न कापली तशी उठून पळाली! म्हातारी हुती, पर काय पळाली! आनि मला म्हणाले, पोरी, तू बस बाळंतिणीजवळ. मी एवढीशी. नवं परकर-पोलकं घातल्यालं. ह्यो आला आनि माझं सगळं वाटोळं केलं!”

सत्तर-पंच्याहत्तर वर्षं बाईनं राग जपून ठेवला होता, लोणच्यासारखा मुरलेला. राजूनं एकदम टाळी वाजवली. “पहिली यष्टी! म्हंजी एक जून! फळ्यावर हाय की! बाळासो, दाखला खरा निघाला, नाद खुळा!”

“गप रं,” बाळासो म्हणाले. “ती पुण्यासनं सुटलेली. आमच्या फाट्यावर यायला तिला लई दिवस लागलं.”

“मग आत्ती, तारीख कंची?” राजूनं विचारलं.

“तारीख कोन बघतंय? करवंदं पिकलीती. ही अशीच.” आत्तींनी मूठभर करवंदं त्याच्या हातावर ठेवली. “खा.”

राजू खाता खाता माझ्या कानाशी लागला, “तारीख न्हाय, आनि साक्षीदारबी एकच. बाळासो घेणार न्हाईत बघा.” त्याचं हळू बोलणंही तालमीतलं. आत्तींनी ऐकलं.

“एक कसा? ह्यो बी हुता की तिथं! बोंबलत हुता!”

आम्ही खो खो हसलो, घरातली सूनही बाहेर येऊन हसली. बाळासो हसले नाहीत. ते पायरीवर आत्तींच्या पायाशी बसले होते, टोपी हातात घेऊन. म्हणाले, “आत्ती, मी जल्मलो तवा बघाय कोन आलं न्हवतं म्हंत्यात. त्ये खरं?”

“कोन येनार, बाबा? यष्टी आलती न्हवं!” आत्तींचा आवाज जरा खाली आला. “मीच तेवढी हुते. ती बी दारात तोंड फिरवून रडत बसलेली. तुझी आई पडल्या पडल्या म्हणाली, रडू नगं गं माझे बाई. यष्टी काय, उद्याबी येईल. ह्यो आजच आलाय. ह्येच्याकडं बघ की.”

“मग?”

“मग बघितलं. काळंकुट्ट, केसाळ. यष्टीपरीस काय बरं न्हवतं. पर तुझी आई बघत हुती ती बघतच हुती. तिला यष्टीचं काय न्हवतं.”

बाळासो रडले. लपवून नाही, तोंड झाकून नाही, पायरीवर बसून लहान पोरासारखे हमसून हमसून रडले. आत्ती आपल्या जांभळ्या बोटांनी त्यांच्या डोक्यावरनं हात फिरवत राहिल्या. मीही रडले, त्यात लाज कसली. राजू करवंदं खात भिंतीकडं बघत होता, आणि त्याचे खांदे हलत होते.

मग बाळासो उठले. नाक पुसलं, टोपी घातली आणि म्हणाले, “आत्ती, उठा. चला माझ्यासंगं.”

“कुठं रं? भाकरी टाकायला सांगितलीया सुनंला.”

“आल्यावर खाऊ. चला.”

त्यांनी आत्तींचा हात धरला आणि घराला वळसा घालून सरळ स्टॅण्डवर. वाटेत दुकानातनं नारळ घेतला, झेंडूचा हार घेतला, आणि उदबत्ती कुणाकडं तरी मागून घेतली. रत्नागिरीकडनं एक लालपरी धुरळा उडवत आत आली, पत्रा वाजत होता, एका खिडकीची काच नव्हती. ती पुरती थांबायच्या आत बाळासो तिच्या पुढ्यात. आत्तींना त्यांनी मधोमध उभं केलं, अगदी समोर. हार काचेच्या पुसणीला अडकवला. उदबत्ती ओवाळली. नारळ आपटला तो पहिल्या दणक्यात फुटला आणि पाणी राजूच्या अंगावर. प्रवासी खिडक्यांतनं डोकं काढून बघायला लागले, शेंगावाला धंदा सोडून आला.

आत्ती गाडीकडं टक लावून बघत होत्या. आयुष्यात शंभरदा बसल्या असतील त्या एसटीत, पण अशा बघत होत्या की कुणी हसायची हिंमत केली नाही.

ड्रायव्हर खाली उतरला. हाराकडं बघितलं, नारळाच्या तुकड्यांकडं बघितलं, मग बाळासोंकडं. “काय ओ पावणं, काय भानगड हाय? आज काय विशेष?”

“माझा वाढदिवस हाय,” बाळासो म्हणाले.

राजूनं माझ्याकडं बघितलं. मी त्याच्याकडं बघितलं.

“आज?” ड्रायव्हर म्हणाला.

बाळासोंनी आत्तींचा हात आणखी घट्ट धरला. “व्हय. आजच.”

“मग आधी सांगायचं की ओ!” ड्रायव्हर हसला, खोबऱ्याचा तुकडा तोंडात टाकून वर चढला आणि त्यानं भोंगा दाबून धरला, असा लांबलचक की अख्खं मलकापूर वळून बघायला लागलं. आत्तींनी दोन्ही हातांनी कान झाकले आणि बोळक्या तोंडानं खळखळून हसल्या.